घरटी एक वस्तू

अण्णांनी दुकान बंद केले, त्या दिवशी गावात कुणी मोठ्याने बोलले नाही.

दुकानाच्या फळ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी एकेक करून लावल्या, कुलूप घातले, ते दोनदा ओढून पाहिले आणि सवयीने पुन्हा एकदा ओढले. "माझं मन तयार आहे हो," ते जमलेल्यांना म्हणाले, "पण हे दोन गुडघे ऐकत नाहीत. पोतं उचलायचं म्हटलं की आधी त्यांची परवानगी काढावी लागते." लेक त्यांना न्यायला आली होती. ती शेजारी उभी राहून डोळे पुसत होती आणि अण्णा उलट तिलाच समजावत होते.

ते दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. आत पाऊल टाकले की साबण, रॉकेल आणि चहापत्ती यांचा मिळून एकच वास यायचा. कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त अण्णांना आणि त्यांच्या मांजराला ठाऊक. दारात, पायरीवर, एक लाकडी पेटी असायची आणि पेटीत जाडे मीठ. अण्णांनी मीठ कधी विकले नाही. ज्याने जे काही घेतले असेल, त्याने जाताना पेटीतले ओंजळभर मीठ घ्यावे आणि चालू लागावे, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. कुणी नुसती सुई घेतली तरी मीठ त्याचे. "मीठ तराजूत घातलं की हात आखडतो," असे अण्णा म्हणायचे. शाळेतून येता-जाता त्या पेटीत बोट बुडवून चाटले नाही, असे एकही पोर त्या गावात मोठे झाले नाही.

जातानाही त्यांनी तेच केले. बाकीचा माल तालुक्याच्या व्यापाऱ्याला परत दिला, पण मिठाची पोती हातगाडीवर घालून घरोघर वाटून टाकली. एकट्यादुकट्याला बरणीभर, खटल्याच्या घरात डबे भरभरून, माळावरच्या मेंढपाळाला सबंध पोते. मग संध्याकाळच्या बसने ते लेकीबरोबर गेले, आणि मांजर बराच वेळ फळ्यांसमोर बसून राहिले.

पहिले काही दिवस लोक नुसते विसरायचे. पिशवी घेऊन निघायचे, बंद दारापर्यंत जायचे, आणि कुणी पाहिले तर "सहज पाय मोकळे करायला आलो होतो" म्हणून परत फिरायचे. विसरणे संपले आणि हाल सुरू झाले. तालुक्याला जाणारी बस आठवड्यातून दोनदा. काड्यापेटी संपली की शेजारणीकडे विस्तव मागायला जायचे. साबण संपला की आज नको, उद्या धुऊ. म्हातारी माणसे तर एकेक करून गाव सोडू लागली. कुणाचा मुलगा येऊन घेऊन जाई, कुणाचा जावई. दाराला कुलूप लागले की त्या घरासमोरचा रस्ता कुणी झाडत नसे, आणि मग ते घर लांबूनही ओळखू येई.

शिवणमावशीच्या मनात त्या कुलपांचीच धास्ती होती.

मावशीचे घर बसथांब्यासमोर. पुढच्या मोठ्या खोलीत खिडकीशी पायमशीन, मधोमध कापड बेतायचे लांबरुंद टेबल, आणि भिंतीशी बटणांची पेटी. ती पेटी चांगली पाळण्याएवढी होती. गावातली निम्मी माणसे मावशीने शिवलेले अंगात घालून फिरत. कुणाच्या विजारीची कंबर कितीदा उसवून सैल केली, हे तिला ठाऊक असायचे आणि ती ते पोटात ठेवायची. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा शहरात लोकांचे दात काढायचा. गाव त्याला कौतुकाने दातडॉक्टर म्हणायचे आणि तो आला की सगळे तोंड मिटून हसायचे.

एकदा तालुक्याहून पिठाची पिशवी घेऊन येताना मावशी बसमधून उतरली ती पाय मुरगळूनच. पीठ रस्त्यावर आणि मावशी पिठात. मुलाला कळले तसा तो आला. सुजलेला पाय उशीवर ठेवत म्हणाला, "आई, आता पुरे झालं. माझ्याकडे चल."

"येते की मी. दरवर्षी येते."

"येते नाही. राहायला चल."

"आणि मशीन?"

"मशीन कशाला? तिथे कपडे तयार मिळतात."

"दातसुद्धा तयार मिळतात म्हणे," मावशी म्हणाली. "म्हणून लोक आपले काढून ठेवतात का?"

मुलाला हसू आले, पण त्याने विषय सोडला नाही. "ज्या गावात साधी काड्यापेटी मिळत नाही, तिथे तू एकटी कशी राहणार, ते मला सांग. मी तिकडे दुसऱ्याच्या तोंडात हात घालून उभा असतो आणि डोक्यात तू असतेस. एखाद्या दिवशी भलताच दात काढीन."

त्याचे खोटे नव्हते, हीच पंचाईत होती. खोटे असते तर भांडता आले असते. तो गेल्यावर मावशी पाय वर करून खिडकीशी बसली आणि रस्त्याकडे पाहत राहिली. मुलाचे घर चांगले होते, सूनही गुणाची होती. पण तिथे खिडकीतून दिसायचे ते दुसऱ्या घराच्या खिडकीतले पडदे, आणि ते शिवलेही वाईट होते.

पाय जमिनीवर टेकू लागला तशी ती लंगडत शाळेतल्या बाईंकडे गेली. बाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण शाळेची घंटा अजून त्यांच्याच घरी असायची. बाईंनी घंटा वाजवली आणि सवयीने सगळा गाव शाळेत येऊन खाली मांडी घालून बसला.

मावशी उभी राहिली. "दुकान काढू या," ती म्हणाली.

"कोण काढणार?" सुताराने विचारले. सुतार मोठा कारागीर, पण तोंडाने तिखट. "कुणाकडे एवढा पैसा आहे?"

"एकाकडे नाही. सगळ्यांकडे मिळून असेल. दुकान सगळ्यांचं. जागा माझी पुढची खोली. गल्ल्याला माझं बेतायचं टेबल."

"आणि तुम्ही कापड कुठे बेतणार? आमच्या पाठीवर?"

"तुमच्या पाठीवर नको, सुतारभाऊ. तिथे कापड सपाट बसायचं नाही."

शाळा हसली. सुताराने पाठ ताठ करायचा प्रयत्न केला आणि तोही हसला. त्या हसण्यातच काम निम्मे झाले, असे मावशी पुढे नेहमी म्हणायची.

बाकीचे निम्मे मात्र सोपे नव्हते. ज्याच्याकडे पैसे होते त्याने पैसे घातले. ज्याच्याकडे नव्हते त्याने खोलीला चुना लावला, दाराची चौकट उंच केली, कौले परतली. मेंढपाळाने लोकर आणून टाकली आणि म्हणाला, विका आणि काय यायचे ते घाला. घर लहान असो की मोठे, हिस्सा सगळ्यांचा सारखा ठरला. दुकानात बसायचे ते पाळीपाळीने. प्रत्येक हिस्सेदाराने आपली पाळी करायचीच, तिथे मानपान नाही. मावशीचे मशीन मागच्या खोलीत गेले. तिथे उजेड कमी होता. सुईत दोरा ओवताना तिला दारात येऊन उभे राहावे लागे, पण तिने ते कुणाला कळू दिले नाही.

माल काय भरायचा यावर शाळेत जो गोंधळ झाला तो काही विचारू नका. जो तो ओरडू लागला. शेवटी बाईंनी घंटा वाजवून निकाल दिला, "घरटी एक वस्तू. प्रत्येक घराने एक वस्तू सांगायची. ती वस्तू दुकानात कायम असलीच पाहिजे. एकदा सांगितली की बदलायची नाही. आणि कुणी कुणाच्या वस्तूला हसायचं नाही."

मग एकेक घर उठून सांगू लागले. कुणी तेल म्हणाले, कुणी पीठ, कुणी बटाटे. कुणी उंदराचा सापळा. मेंढपाळ म्हणाला, बुटाच्या नाड्या. माळावर नाडी तुटली की माणूस अनवाणी होतो. सुताराने खिळे सांगितले. एका घरात दोन जावा होत्या. एका छपराखाली दोन चुली आणि मध्ये अबोला. थोरलीने वासाचा साबण सांगितला तशी धाकटी उठून म्हणाली, मला वासाचा साबण चालत नाही, शिंका येतात. बाईंनी चुली मोजल्या आणि धाकटीला वेगळी वस्तू दिली. तिने बिनवासाचा साबण सांगितला. केस काळे करायचे औषध कुणी सांगितले ते कळले नाही, कारण सांगणाऱ्याने ते बाईंच्या कानात सांगितले. मावशीने काळा दोरा सांगितला. सगळ्यांना वाटले, वा, काही राहिले नाही.

माल यायच्या आधी मुलगा पुन्हा एकदा येऊन गेला. परत जायला बसथांब्यावर उभा असताना मावशीने त्याला सगळी हकिगत सांगितली. तो पोट धरधरून हसला.

"नाड्या, सापळा आणि केस काळे करायचं औषध. आई, तू यावर जेवणार?"

"बटाटेही आहेत."

"हे बघ, आई," तो गंभीर होत म्हणाला. "तुमच्या उद्घाटनाला मी येतो. येताना हात हलवत येईन, घरातून काही आणणार नाही. तूही तुझ्या घरातलं काही घ्यायचं नाहीस. एका साध्या जेवणाला जे जे लागतं ते मी तुमच्या दुकानात मागणार. सगळं मिळालं, तर परत 'चल' म्हणून तोंड उघडणार नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर त्याच दिवशी माझ्याबरोबर चलायचं. मशीनसकट. मशीनला मी जागा करीन."

बसचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होता. "बोला मावशी," तो म्हणाला, "कबूल असेल तर मी साक्षीदार. माझं काय, मला दोन्हीकडून सवारी आहे."

"कबूल," मावशी म्हणाली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दुकान असे लखलखत होते की डोळे दिपावेत. सुताराने भिंतभर फळ्या मारल्या होत्या आणि प्रत्येक घराला आपापल्या वस्तूची फळी मिळाली होती. लोक सकाळपासून येऊन आपापली फळी फडक्याने पुसून जात होते. फीत कापायला अण्णांना बोलावले होते. ते बसमधून काठी टेकत उतरले, त्यांच्या मागून मावशीचा मुलगा उतरला, आणि शेवटी ड्रायव्हरही उतरला. बस संध्याकाळपर्यंत तशीही जाणार नव्हती.

अण्णांनी फीत कापली, आत पाऊल टाकले, आणि थबकले. सबंध गाव गल्ल्याच्या आत उभा होता. टेबलाच्या अलीकडे एक माणूस नाही. पलीकडे मात्र मुंगीला जागा नाही.

"हे काय?" अण्णांनी विचारले. "गिऱ्हाईक कोण?"

सुतार म्हणाला, "अण्णा, आम्ही सगळे मालक आहोत."

"ते दिसतंय. पण मालाला हात कोण लावणार?"

बाईंनी घंटा वाजवली. "पाळीवाला आत राहील. बाकीच्या मालकांनी बाहेर यायचं. ढकलाढकली नको." माणसे नाखुशीने, टेबलाखालून, टेबलावरून बाहेर आली. पहिली पाळी सुताराची होती. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पेन्सिल कानावरच होती.

मुलगा पुढे झाला. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. "बटाटे," तो म्हणाला.

"आहेत," सुतार गरजला. ज्या घराची ती वस्तू होती त्या घराने टाळ्या वाजवल्या.

"कांदे."

"आहेत."

"अंडी. तेल. पीठ. मिरी."

सुतार एकेक वस्तू टेबलावर आदळत होता आणि प्रत्येक वस्तूला कुठल्या ना कुठल्या घराच्या अंगावर मूठभर मांस चढत होते. मिरीपर्यंत आले तेव्हा माणसे एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. चुलीला काड्यापेटी मागितली, मिळाली. भांडी घासायला साबण मागितला, तेव्हा सुताराने गंभीरपणे विचारले, "वासाचा की बिनवासाचा?" दोन्ही जावा एकाच वेळी हसल्या, आणि एकमेकींकडे पाहून गप्प झाल्या.

मावशी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेता आला.

"झालं," मुलगाही हसत म्हणाला. "हरलो म्हणायचं. आता फक्त मीठ द्या."

सुतार वळला. त्याचा हात फळीकडे गेला आणि तिथेच राहिला. तो डावीकडून उजवीकडे पाहत गेला, मग उजवीकडून डावीकडे. सापळ्यांच्या मागे पाहिले, नाड्यांच्या मागे पाहिले.

"मीठ कुणी सांगितलं होतं?" त्याने विचारले.

"तुम्ही नव्हतं सांगितलं?"

"मी खिळे सांगितले. मला वाटलं मीठ कुणीतरी सांगेलच."

"मला वाटलं बाई सांगतील."

"मी घंटा वाजवत होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

अण्णा पायरीवर बसले. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत ते आधी कळेना. "अरे, तुमची काय चूक," ते डोळे पुसत म्हणाले. "मीठ मागायचं असतं, हे या गावात कुणाला माहीतच नाही. आमच्या दोन पिढ्यांनी तुम्हाला बिघडवलं."

कुणी हसले नाही. मावशीच्या तोंडचे पाणी पळाले होते. तिची मिठाची बरणी सकाळीच रिकामी झाली होती, आणि 'आता दुकानच आहे की' म्हणून तिने ती खुशाल घासून पालथी घातली होती. तेव्हासुद्धा तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

मुलगा तिच्याजवळ आला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता, आणि ते जास्त वाईट होते. हळू आवाजात तो म्हणाला, "बघितलंस ना, आई? सगळी चांगली माणसं आहेत. पण प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघेल. उद्या तू आजारी पडलीस, तरी असंच होईल. म्हणून म्हणतो, चल."

मावशीने मागच्या खोलीत मशीनकडे पाहिले. मग ती भिंतीपाशी गेली, बटणांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावर उलटी केली. पांढरी, काळी, शिंपल्याची, पितळेची बटणे घरंगळत चहूकडे गेली. रिकामी पेटी तिने दारात, पायरीवर, अण्णांच्या शेजारी नेऊन ठेवली.

"घरटी एक वस्तू तुम्ही सांगितलीत," ती लोकांकडे वळून म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "आता घरटी एक वस्तू आणायची. अण्णांनी जाताना वाटलेलं मीठ कुणाकुणाकडे शिल्लक आहे?"

सगळा गाव एकदम हलला. दारात अशी झुंबड उडाली की अण्णांना काठी आडवी धरून गुडघे सांभाळावे लागले. बाई, ज्यांनी जन्मभर पोरांना व्हरांड्यात पळू नका म्हणून सांगितले, त्या स्वतः पदर खोचून पळाल्या.

पहिला परत आला तो सुतारच. पाळी सोडून गेल्याबद्दल पुढे त्याला बोलणी बसली, पण तेव्हा कुणाचे लक्ष नव्हते. त्याने खिळ्यांच्या डब्यातून मीठ आणले होते आणि ते थोडे तांबूस होते. मग एकामागून एक माणसे येऊ लागली. कुणी वाटीतून, कुणी कागदाच्या पुडीतून, कुणी नुसत्या मुठीतून. धाकटी जाऊ ओंजळ भरून आली, पण ओंजळीला तिचा एकटीचा हात पुरेना म्हणून खालून थोरलीने हात लावला होता. दोघी तशाच, पावले जुळवत, रस्ता ओलांडून आल्या. मेंढपाळ शेवटी आला. माळावरून मेंढीसारखा धावत आला होता आणि खांद्यावर पोते होते. "मेंढ्यांनी निम्मं चाटलं," तो धापा टाकत म्हणाला, "उरलेलं सगळं आणलं."

पेटी भरली. वर शीग लागली. ते जाडे, राखाडी मीठ अण्णांच्याच दुकानातले होते. घरोघरी राहून, वेगवेगळ्या डब्यांचा वास घेऊन ते परत आले होते. अण्णांनी एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि मान हलवली.

"पण हे दुकानातलं नाही," मुलगा म्हणाला. तो हटवादी नव्हता, त्याला हिशेब नीट हवा होता, आणि तो स्वभाव मावशीचाच होता. "हे लोकांनी घरून आणलंय."

"दुकानात माल कोण भरतं?" मावशीने विचारले.

"मालक."

"मग हे कोण आहेत?"

मुलाने दारातल्या गर्दीकडे पाहिले. सगळ्यांच्या हातांना मीठ लागले होते. कुणाच्या वाट्या हातात, कुणाचे पदर अजून खोचलेले, सुताराची पेन्सिल कुठेतरी पडलेली. मग त्याने ड्रायव्हरकडे पाहिले.

ड्रायव्हरने घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी निवाडा विचारत होते. "मी बाहेरचा माणूस," तो म्हणाला. "मला एवढंच दिसतं, की गिऱ्हाइकाने माल मागितला, आणि मालकांनी तो भरला. जरा पळापळ झाली, पण भरला. आता गिऱ्हाइकाने घ्यावा आणि वाट मोकळी करावी, मागे रांग लागलीय."

मुलगा पेटीपाशी वाकला. ओंजळ भरून मीठ घेतले आणि आईच्या हातात ओतले. "हरलो," तो म्हणाला. मग इतके हळू, की फक्त तिलाच ऐकू गेले, "मी म्हटलं ना, दुसरं कुणीतरी बघेल असं सगळ्यांना वाटतं. ते मागे घेतो."

त्यावर जो गलका झाला त्याने शाळेच्या छपरावरची कबुतरे उडाली. कुणीतरी सुताराला उचलले आणि लगेच खाली ठेवले, कारण तो जड होता. बाई घंटा वाजवत राहिल्या. थांबवायला नाही, नुसतीच.

मावशीने त्या दिवशी बटाटे आणि अंड्यांची भाजी केली. मुलगा, अण्णा, ड्रायव्हर आणि जो जो दारातून डोकावला तो, सगळे जेवले. मुलाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मीठ थोडं जास्त झालंय."

"असू दे," मावशी म्हणाली. "हात मोकळा होता."

जेवण झाल्यावर त्याने विचारले की त्यालाही हिस्सा मिळेल का. बाई म्हणाल्या, मिळेल, पण पाळी करावी लागेल. नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, पुढच्या वेळी करीन. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पुढची, ही आजची. झाले. शहरातला नावाजलेला दातडॉक्टर बाह्या सारून मावशीच्या बेतायच्या टेबलामागे उभा राहिला. कांदे तोलताना त्याने तराजू असा धरला की जणू तोच दुखावेल. ही बातमी पसरली आणि ज्यांना काही नको होते तेही रांगेत आले. मेंढपाळाने नाड्या मागितल्या आणि नाड्या हातात पडल्यावर टेबलावर ओणवून आ केला. "जरा हा मागचा बघा हो, गार पाणी लागलं की झिणझिण्या येतात." मुलाने खिडकीच्या उजेडाकडे त्याचे तोंड वळवले आणि पाहिले. मेंढपाळाच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना एकाएकी आपापले दात आठवले.

त्या गर्दीत कुणीतरी मावशीचे मशीन मागच्या खोलीतून उचलून परत खिडकीशी आणून ठेवले होते. खोली मोठी होती. दुकानही मावले आणि मशीनही. मावशी स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला.

संध्याकाळी बस निघायची वेळ झाली. अण्णा आधीच जाऊन बसले होते, पिशवीत वासाचा साबण घेऊन. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मुलाने मान वर न करता हात हलवला.

"थांबा हो, दादा. गिऱ्हाईक आहे."

ड्रायव्हरने खिडकीतून पाहिले. रांग दारापर्यंत आली होती. त्याने बस बंद केली, उतरला, रस्ता ओलांडून रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला, आणि उभा राहता राहता पायरीवरच्या पेटीत बोट बुडवून चाटले.